शेवटचा भाग तू आधीच बघितलास

फिले, तू मला फसवलंस. हे आधी लिहून टाकते, मग रडायचं ते रडेन.

काल तुझी सातव्या दिवसाची मिसा, चर्चमधली प्रार्थना, झाली. तुझी सून लॉर्ना चर्चच्या पायऱ्यांवर मला थांबवून म्हणाली, "कुंदामावशी, मम्मीचो टॅब तुमी ठेवा. तिनाच सांगलेला." मी तो घरी आणला, चार्जिंगला लावला आणि आपली ती तलवारवाल्या जपान्यांची मालिका उघडली. शेवटचा भाग. जो आपण बघितलाच नव्हता, जो ईस्टरच्या दिवशी तुझ्या हातचा गोड दोदोल खात बघायचं ठरलं होतं. आणि त्याच्याखालची लाल रेघ पार टोकापर्यंत गेलेली! म्हणजे कोणीतरी तो बघून संपवलेला. आता हे कोणीतरी म्हणजे कोण, ते मला कोणी सांगायला नको. मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये कॉप्या पकडल्या, आणि नाव झालं ते ह्या दुसऱ्या कामात.

लिहायला बसले की माझी भाषा शाळेत जाते, हसू नकोस. तुझ्याशी उभ्या जन्मात मी असं बोलले नाही. पण आता तू आपल्या घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून ओ देणार नाहीस, तर जशी जमते तशा भाषेत तुला जाब विचारणार आहे. ऐकून घ्यावं लागेल.

हे सगळं सुरू तू केलंस. तुझा लेक कुवेतहून मे महिन्यात आला, टॅब ठेवून गेला. तुझं भांडं परत करायला मी आले तर तू जेवणाच्या टेबलावर विळी मांडून तिसऱ्यांच्या शिंपल्या फोडत बसलेली, गळ्यात जपमाळ, आणि समोर एक माणूस कंबरेतून दोन तुकडे होऊन पडत होता. रक्ताचं कारंजं पार छतापर्यंत.

"फिले, गो ह्या काय बघतंस?"

"चित्रां."

"चित्रां? मेलो मगो तो!"

"मरांदे. त्येका मारलो कित्याक ता माका कळना नाय. खाली अक्षरां पळतत नुसती. बस तू, वाचून सांग."

तू मराठी चौथीपर्यंत शिकलेली, तेही अडखळत. इंग्रजीत 'येस', 'नो' आणि 'प्रेज द लॉर्ड'. मी बसले. दोन ओळी वाचून मालवणीत सांगितल्या, मग आणखी दोन, आणि बघता बघता चहाची वेळ झाली. त्या जपान्यांच्या नावांनी आपल्या जिभेला गाठी पडायच्या, म्हणून आपण त्यांचं बारसंच करून टाकलं. किल्ल्याच्या मालकाला कोणीतरी विष घालून मारलेलं, तो जहागीरदार. त्या मारेकऱ्याचा शोध घेत एकेकाला कापत सुटलेला तरुण तो बाबलो. जहागीरदाराला रोज रात्री औषध देणारा दाढीवाला वजनदार कारभारी तो तात्या. आणि स्वयंपाकघरातली ती कुबडी बाई, जी जहागीरदार जिवंत असताना त्याच्या वाडग्यात कोणी बघत नाही असं बघून चमचा बुडवायची, ती आपली म्हातारी. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, विष हिनेच घातलं. अशी इकडेतिकडे बघत हात घालणारी माणसं मी हॉलमध्ये चिक्कार पकडलीत.

"नाय गो," तू म्हणायचीस, "जेवण करणारा माणूस विख घालूचा नाय."

"जेवण करणाराच घालता! दुसरो कोण घालतलो?"

ह्यावर आपण किती भांडलो असू! एकदा तू रागाने मला चहाच दिला नाहीस. मी गडगा ओलांडून घरी आले, आणि पाठोपाठ तुझी हाक आली, "चाय निवता गो, मगे भांड!"

माझं रक्ताचं तुला ठाऊक होतं. बांद्याजवळ हायवेवर ट्रकने माझ्या माणसाला चिरडलं तेव्हा ओळख पटवायला माझ्यासोबत तूच आली होतीस. चादर तू उचललीस, बघितलंस, आणि मला नुसतं त्याचं घड्याळ दाखवलंस. तेव्हापासून कोणाचं कापलेलं बोटसुद्धा मला बघवत नाही. म्हणून त्या पहिल्याच दिवशी बाबल्याने तलवार उपसली तशी मी उठलेच. तू माझं मनगट धरलंस. हाताला तिसऱ्यांचा वास.

"डोळे मिट. तुझ्या वाट्याचा मी बघतंय. झाला काय सांगतंय."

मी मिटले. आवाज आले, खच्च, धप्प, मग कोणाचं तरी विव्हळणं. तू म्हणालीस, "उघड." उघडले तर पडद्यावर बर्फ पडत होतं. बस, तोच आपला रिवाज झाला. मी वाचायचं, तू बघायचं. माझी एकच अट होती, कोणी एकटीने पुढचा भाग बघायचा नाही. तू हात पुसून माझ्या हातावर हात ठेवलास. तू शब्द दिलास, फिले.

रोज दुपारी तुझं दार बंद आणि आतून किंकाळ्या. मासळीवाली एकदा खिडकीतून ओरडली होती, "गो बायांनो, कोण कोणाक मारता गो?" तू आतूनच, "आमी नाय, जपानवाले!" ती आठवडाभर तुझ्या दारात थांबली नाही, तुला बाजारातून पेडवे आणावे लागले.

मी तुला विचारायचे, ह्यांना एवढं रक्त कशाला लागतं? आपल्या दशावतारात राक्षस मरतो, एक थेंब सांडत नाही, तरी सगळ्यांना कळतं तो मेला. तू म्हणालीस, "थंय मेलेलो आत जावन चाय पिता. हयसर मेलो तो मेलो. खरा दाखयतत." मी म्हटलं, म्हाताऱ्या बायकांनी, त्यातून देवाधर्माच्या, हे बघावं का? तर तू भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट केलंस. "आमच्या देवाच्या अंगावर रगतच आसा. ता बघीतच मी मोठी झालंय." ह्याचं उत्तर मी अजून शोधते आहे. सुचलं की सांगायला कोण आहे, ते मात्र माहीत नाही.

आता माझ्या संशयाचं सांगते. तो कालचा नाही, फार जुना आहे.

तू 'मिट' म्हणायचीस ते फार आधी. तलवार म्यानात असतानाच. एकदा विचारलं, तुला कसं कळतं गो? म्हणालीस, गाणं बदलतं त्याच्यावरून. बरं, मानलं. मग तो भाग आला ज्यात दोघं जण शांतपणे चहा पीत बसलेत, बाहेर पक्षी ओरडतोय, गाणं-बिणं काही नाही, आणि तू कांदा चिरता चिरता म्हणालीस, "मिट." मी मिटले, आणि लगेच खच्च. डोळे मिटलेले असतानाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाई, हिला प्रश्नपत्रिका आधी मिळते!

त्यानंतर मी पाळतच ठेवली. तुझं सगळं लक्ष विळीवर, पण नेमक्या वेळी मान वर. कोणी मेलं की मी दचकायचे, तू नाही. सकाळी चार्ज केलेला टॅब दुपारी निम्मा उतरलेला. मी सरळ विचारलं, "फिले, तू आधी बघतंस मां?"

"कुंदे," तू म्हणालीस, "तू रिटायर झालंस, तुझी शाळा नाय झाली," आणि माझ्या कपात चहा ओतलास. ना हो, ना नाही. शपथ घे म्हटलं तर म्हणालीस, सोमवारी मी शपथ घेत नाही. सोमवार माझा पाळायचा, गो! तुझ्यात कसला सोमवार? कुठेतरी पाणी मुरतंय हे मला पक्कं कळलं, पण पुरावा नव्हता. आणि खरं सांगू का, पुरावा मिळाला असता तर दुपारी यायचं बंद करावं लागलं असतं. मी तुला सोडून कुठे जाणार होते?

मग कोरेज्म आला, तुमचा ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ. एकच भाग उरला होता. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी तुझ्याकडे गोव्याचे पाहुणे, घर भरलेलं. ते निघाल्यावर मी म्हटलं, चल, आज संपवून टाकू, राख उद्या आहे.

"आज नको. आज माझी तयारी नाय."

तयारी! टॅब बघायला कसली गो तयारी? मी चिडले. तू ऐकलं नाहीस. बुधवारी कपाळाला राख लावून आलीस आणि म्हणालीस, ह्या वर्षी मी मासे सोडणार नाही, माका जास्ती आवडता ता सोडतलंय. म्हणजे ही मालिका. ईस्टरपर्यंत बंद. देवाला सांगून आलेय. मी म्हटलं, देवाने मागितलं होतं का? म्हणालीस, "म्हणान तर देवचा. मागल्यार कोणय देता."

त्याच दिवसांत तुझा दम वाढला. अंगणातून गडग्यापर्यंत येईस्तोवर तू दोनदा थांबायचीस. लॉर्नाने तुला गोव्याच्या हॉस्पिटलात नेलं.

झावळ्यांच्या रविवारनंतर, ईस्टरला आठवडा उरलेला असताना, मी भेटायला आले. तोंडावर मास्क, हात सुजलेले. मला बघताच तू मास्क खाली ओढलास, नर्स ओरडली तरी.

"कुंदे, आयक. देवळाची घंटा वाजली काय मिट. घंटा थांबली तरी उघडू नको. पाण्याचो आवाज येयसर मिटून रव. मगे उघड."

चर्चलाही तू देऊळच म्हणायचीस, त्यामुळे मला वाटलं, झालं. आता ही स्वतःच्या मयताचं बोलते आहे. मी रडायला लागले. म्हटलं, असं अभद्र बोलू नकोस, ईस्टरला घरी येशील. तू वैतागलीस. "तू आयक मां आधी! घंटा, मगे पाणी. सांग बघया परत." तू माझ्याकडून ते पाठ करून घेतलंस, जसं मी मुलांकडून घ्यायचे. घंटा वाजली की मिटायचे, पाण्याचा आवाज आला की उघडायचे. तेव्हा कुठे तू मास्क लावलास.

आणि मी ते ऐकलं, फिले. तुझ्या मयताला मी अक्षर न् अक्षर ऐकलं. सिमितेरीत, तुमच्या दफनभूमीत, पेटी उघडी ठेवलेली, लोक रांगेने तुझं तोंड बघत होते, माझ्यापुढे दोघीच उरल्या होत्या, आणि चर्चची घंटा वाजली. मी डोळे मिटले. मागून कोणी ढकललं, "पुढे जावा बाई," तरी उघडले नाहीत. पाद्रींनी मंत्रलेलं पाणी शिंपडलं, त्याचा आवाज झाला, मग उघडले. तर झाकण लागलेलं. तुझं तोंड मला दिसलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की तुलाच ते नको होतं, तूच सांगून गेलीस. पण आतून जळत होते. असं का सांगितलं असेल हिने? मी तुझं मेलेलं तोंड बघू नये असं तुला का वाटलं? सात दिवस हेच डोक्यात.

आणि त्यात काल ती लाल रेघ. आता समजून घे माझा संताप. माझा शब्द मोडलास तो मोडलास, मी कोण, शेजारीण. पण कपाळाला राख लावून देवाला दिलेला शब्दही? कोरेज्मात चोरून मालिका बघितलीस? अशी होतीस तू?

आज सकाळी मी लॉर्नाला गाठलं. ती व्हरांड्यात तुझे कपडे घड्या घालत होती. मी हॉलमधल्यासारखं उभ्याउभ्याच विचारलं, टॅब कोणी वापरला? मुलांनी का?

"मुलांका हात लावूक देय नाय ती," लॉर्ना म्हणाली. "मम्मीच बघी. घराकडे असताना रोज सकाळी, तुमी येवच्या आधी."

"म्हणजे आधीपासून?"

"तर! आणि हॉस्पिटलात पण टॅब होयो म्हणान हट्ट. तो एकच भाग. थांबवी, मागे नेय, परत लावी. आपल्याशीच काय काय पाठ करी. मी म्हटलंय, मम्मी, कोरेज्म आसा मगो, तू सोडलेला मां ह्या? तर माकाच म्हणाली, पाद्रींक मी सांगान, तू गप्प रव." लॉर्नाने तुझा निळा झगा मांडीवर घेतला. "माका तर कळाच नाय, ती बघी काय ता. अक्षरां तर तिका वाचूक येय नाय."

मी खाली बसले. पायरीवरच.

अक्षरां तुला वाचता येत नव्हती. मग माझ्याआधी बघून तुला गोष्ट कळायचीच नाही. कोण कोणाला का मारतो, काय बोलतो, तुला काहीसुद्धा कळत नव्हतं. तुला कळायचं एवढंच, की रक्त कुठे येतं आणि कुठे थांबतं. रोज सकाळी एकटी बसून तू तेवढंच बघायचीस. गोष्ट नाही, नुसतं रक्त. तयारी!

लॉर्ना म्हणाली, "एकदा बघून झाल्यार म्हणाली, कुंदाचाच खरा झाला गो. म्हातारेन विख घातला असतला. वाईट वाटला तिका."

मी घरी आले. जेवले नाही. दुपारी, आपल्या वेळेला, टॅब टेबलावर ठेवला, समोर तुझ्यासाठी खुर्ची ओढली. वेडेपणा, पण ओढली. आणि शेवटचा भाग लावला. मोठ्याने वाचत गेले, मालवणीत, जशी वाचायचे तशी. बाबलो किल्ल्यात शिरला. स्वयंपाकघरात आला. म्हातारी चुलीपुढे बसलेली. त्याने तिला विचारलं, वाडग्यात चमचा का बुडवायचीस? ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, सापडली. बघ फिले, सापडली!

आणि किल्ल्यातल्या देवळाची घंटा वाजली.

माझे डोळे आपोआप मिटले. मग कळलं, की हीच ती घंटा. ही. चर्चची नाही. मयताबियताचं तू काही बोलतच नव्हतीस, गो. जेमतेम दम उरलेला असताना मास्क ओढून तू मला ह्या भागात डोळे कधी मिटायचे तेवढंच सांगत होतीस, आणि मी ते तुझ्या पेटीपुढे वापरून आले. तुझं तोंड बघायचं राहिलं ते असं. मी मिटल्या डोळ्यांनी हसले आणि रडले, दोन्ही एकदम. घंटा वाजत होती. मग थांबली. सगळं सामसूम. उघडावेसे वाटले, पण तू बजावलं होतंस, थांबली तरी उघडू नको. त्या शांततेनंतर जो आवाज आला तो मी इथे लिहीत नाही. शेजारी कोणी नव्हतं. माझ्या वाट्याचं बघायला कोणी नव्हतं. पण तू ते आधीच बघून ठेवलं होतंस, पुन्हा पुन्हा, हॉस्पिटलातल्या खाटेवर.

मग पाण्याचा आवाज आला. मी उघडले.

ओढा होता. बाबलो तलवार धूत होता, पाठमोरा. म्हातारी नव्हती. नुसता तिचा चमचा दगडावर ठेवलेला. बाबल्याच्या शेजारी एक पोरगी उभी, स्वयंपाकघरातलीच, आणि ती त्याला काहीतरी सांगत होती. खाली अक्षरं पळायला लागली. तुला हे दिसलं असणार, पोरगी, ओढा, चमचा. पण ती बोलते काय, ते तुला वाचून दाखवायला कोणी नव्हतं. तुला वाटलं, म्हातारी मारली गेली म्हणजे ती गुन्हेगार. खरं माझं झालं. तू तसंच धरून गेलीस.

मी थांबवलं, मागे नेलं, परत लावलं. तीन-चारदा वाचून खात्री केली, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तात्या औषध द्यायचा ना जहागीरदाराला, रोज रात्री? पोरगी तेच सांगत होती, विष त्या औषधात होतं. बाबल्याने उगाच मारलं तिला, निव्वळ संशयावरून. हे तुला कळायलाच हवं, म्हणून आज लिहायला बसले, बाकी काही नाही.

माझा खरा नाय झाला, फिले. तुझाच झाला. म्हातारेन विख घालूक नाय गो. ती वाडग्यातला आधी आपण चाखून बघी.